डीएमएसओमधलं स्टॉक सोल्यूशन: बाटली उघडण्यापासून प्लेटपर्यंत

बडोद्यात डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ताई, डीएमएसओ खराब झालं, बर्फ झालाय त्याचा." पावसाळ्यात दुसरं: "ताई, मागच्या महिन्यात हेच कंपाउंड छान चालत होतं, आता काहीच करत नाही." पहिल्या तक्रारीत बाटली ठणठणीत असते. दुसरीत ती खरोखरच बिघडलेली असते, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. दोष जातो पेशींना, मीडियाला (पेशी ज्या द्रवात वाढतात त्याला), नाहीतर प्लेट रीडरला.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांना दरवर्षी तेच तोंडी सांगून कंटाळले, म्हणून हे लिहून ठेवते आहे. डीएमएसओ, म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, हा द्रव आपण पेशींवर तपासायचं औषध "नुसतं विरघळवायला" घेतो. त्यात केलेलं तीव्र द्रावण म्हणजे स्टॉक, तेच पुढे पातळ करून वापरायचं. पण एक हिशोब करून बघा. शुद्ध डीएमएसओची तीव्रता सुमारे १४ मोलर असते. तुमच्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या एका खळग्यात, ते ०.१ टक्का गेलं तरी १४ मिलिमोलर झालं. त्याच वेलमध्ये औषध असतं १० मायक्रोमोलर. म्हणजे औषधाच्या चौदाशे पट डीएमएसओ. मीडियात आपण वरून जे घालतो त्यातला सर्वांत मोठा घटक तोच आहे, हे मनात ठेवूनच पुढचं वाचा.

उदाहरणासाठी हळदीतलं कर्क्युमिन घेतलं आहे. ते डीएमएसओत सहज विरघळतं, स्वस्त आहे, आणि पिवळंधमक असल्यामुळे आपली चूक लपू देत नाही.

१. आधी ठरवा: डीएमएसओ हवंच आहे का?

बरीच मुलं हा प्रश्नच विचारत नाहीत. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड पाण्यात सहज विरघळतं, तरी एका मुलाने त्याचा स्टॉक डीएमएसओत करायला घेतला होता. कारण काय, तर "सगळे त्यातच करतात". पाण्यात किंवा बफरमध्ये विरघळत असेल तर तिथेच विरघळवा.

काही संयुगांना डीएमएसओ चालतच नाही. सिसप्लॅटिन हे ठळक उदाहरण. डीएमएसओ त्यातल्या प्लॅटिनमला जाऊन चिकटतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि औषध निकामी होतं. सोल्यूशन मात्र पारदर्शक, सुंदर दिसतं. मोकळा थायॉल गट असलेली संयुगंही डीएमएसओत ठेवली तर हळूहळू ऑक्सिडाइज होऊ शकतात, म्हणून ती वापराच्या वेळीच ताजी करा.

थांबा: कुपीतली सगळी पावडर एकदम विरघळवू नका. डीएमएसओ १८९ अंश सेल्सिअसला उकळतं. अल्कोहोलसारखं ते उडवून पावडर परत मिळत नाही. निदान अर्धी कोरडी राहू द्या.

२. बाटली

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा रेंगाळते.

शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. बडोद्यात जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली जातो आणि रात्रभर बंद असलेल्या लॅबमध्ये बाटलीचा पांढरा खडा होतो. तो खडा म्हणजे बिघाड नाही, उलट डीएमएसओ कोरडं असल्याची खूण आहे. झाकण घट्ट असल्याची खात्री करा आणि बाटली कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतक्याच, उभी ठेवा. हॉट प्लेट नको, मायक्रोवेव्ह तर नकोच.

पूर्ण वितळल्याशिवाय त्यातलं घेऊ नका. खडा अर्धा वितळलेला असताना वरचं पातळ ओतून घेणं ही घाईची चूक. गोठताना शुद्ध भाग आधी घट्ट होतो आणि पाणी, अशुद्धी उरलेल्या द्रवात जमा होतात. तुम्ही नेमकं तेच ओतून घेता. सगळं वितळू द्या, बाटली हळूच चार-पाच वेळा उलटीसुलटी करा, मग उघडा.

पावसाळ्यातली गोष्ट उलटी. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत पाण्याला तोटा नसतो. अर्धा लिटरची बाटली सहा जणांनी दिवसातून चार-चार वेळा उघडली की महिन्याभरात ती वेगळीच वस्तू झालेली असते. पाणी शिरलेल्या डीएमएसओत बरीचशी संयुगं कमी विरघळतात. काल स्वच्छ असलेला स्टॉक फ्रीजरमधून काढल्यावर तळाशी साका दिसतो तो त्यामुळेच. "कंपाउंड काहीच करत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हा साकाच असतो.

उपाय साधा आहे. नवी बाटली आली की त्याच दिवशी, एसी चालू असताना, एकेक मिलिलिटरचे भाग करून ठेवा. भाग घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत नाहीतर टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाच्या काचेच्या कुपीत भरा. एक नळी उघडली की त्या दिवसाचं काम उरकायचं आणि उरलेलं फेकायचं. मोठी बाटली पुन्हा उघडायची नाही. आमच्याकडे आधी याला काटकसरीच्या नावाखाली विरोध झाला. एका पावसाळ्यानंतर तो मावळला.

तपासा: शंका असलेल्या डीएमएसओचा अर्धा मिलिलिटर ४ अंशांच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी घट्ट खडा हवा. पातळच राहिलं तर नळीला एक टिचकी मारा, कारण कधी कधी ते थंड होऊनही गोठायचं विसरतं. टिचकीनंतरही पातळच असेल तर त्यात बरंच पाणी शिरलं आहे. तसं डीएमएसओ स्टॉकसाठी बाद.

लॅबमध्ये दोन प्रकारचं डीएमएसओ असू द्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पेशींवर जाणाऱ्या स्टॉकसाठी सेल कल्चर ग्रेड. एमटीटी या जिवंत पेशी मोजायच्या चाचणीतले जांभळे स्फटिक विरघळवायला साधं चालतं, कारण तोवर पेशींचं काम झालेलं असतं. अदलाबदल झाली तर पहिल्यात नुकसान प्रयोगाचं, दुसऱ्यात पैशांचं.

३. हिशोब आणि वजन

सूत्र एवढंच: मिलिग्रॅम = मिलिमोलर × मिलिलिटर × रेणुभार ÷ १०००. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८.४. १० मिलिमोलरचा १ मिलिलिटर स्टॉक हवा तर ३.६८ मिलिग्रॅम.

आता वजनकाट्यावर नेमके ३.६८ आणायला बसू नका. चमच्याच्या टोकावरची पावडर टाकत-काढत वीस मिनिटं घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. तेवढ्यात पावडरही ओल ओढते. चारच्या आसपास काय येईल ते घ्या आणि डीएमएसओ त्या मापाने घाला. समजा ४.२ मिलिग्रॅम आलं. ४.२ ला ३६८.४ ने भागा, मग १० ने, आणि लिटरचे मिलिलिटर करा: १.१४ मिलिलिटर. झालं.

दोन मिलिग्रॅमच्या खाली शक्यतो जाऊ नका. काट्याची चूक तेवढीच राहते आणि वजन लहान होत जातं.

थांबा: रेणुभार कुठून घेतलात? इंटरनेटवरून नको, कुपीवरच्या लेबलवरून घ्या. कुपीत क्षार असेल तर क्षाराचा रेणुभार लागतो. डॉक्सोरुबिसिनचा ५४३.५ आहे, त्याच्या हायड्रोक्लोराइडचा ५८०. पावडर हायड्रोक्लोराइडची आणि आकडा नुसत्या डॉक्सोरुबिसिनचा वापरलात तर स्टॉक सहा टक्क्यांहून जास्त कमजोर होतो. लेबलवर स्फटिकातलं पाणी दिलं असेल तर तेही धरा. शुद्धता ९५ टक्के लिहिली असेल तर उरलेल्या पाचाचा विचारही तुम्हीच करायचा.

४. विरघळवणं

पावडर आधी, डीएमएसओ नंतर. नळीच्या भिंतींवरून फिरवत घाला, म्हणजे वर चिकटलेले कण खाली येतील.

डीएमएसओ पाण्याच्या साधारण दुप्पट चिकट आहे, म्हणजे हळू वाहतं. पिपेटचं बटण पाण्याच्या सवयीने झटकन सोडलं तर टिपमध्ये माप पूर्ण भरत नाही, आणि झटकन दाबलं तर थर भिंतीलाच राहतो. टिप आधी दोन-तीनदा भरून रिकामी करा. ओढताना सावकाश, टाकल्यावर दोन सेकंद थांबा.

तपासा: आपला हात तपासायला काटा आहेच. डीएमएसओची घनता सुमारे १.१० आहे, म्हणजे १०० मायक्रोलिटरचं वजन ११० मिलिग्रॅम भरायला हवं. पाच वेळा करून बघा. १०३, १०८, १०१ असं नाचत असेल तर आधी पिपेटिंग सुधारा. ही पाच मिनिटं कोणी देत नाही आणि मग तीन महिने एरर बारशी भांडत बसतात.

मग व्हॉर्टेक्स, म्हणजे नळी गरगर हलवायचं यंत्र. तेवढ्याने नाही झालं तर ३७ अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं, किंवा सोनिकेटरमध्ये थोडा वेळ. याहून जास्त तापवायची वेळ आली तर समजा की तीव्रता जास्त धरली आहे. आणखी डीएमएसओ घालून ५ मिलिमोलर करा आणि लेबलवर ५ लिहा.

विरघळलं की नाही हे वरून बघून ठरवू नका. कर्क्युमिनचा स्टॉक गडद केशरी होतो आणि त्या रंगात कण दडतात. नळी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, ट्यूबलाइटसमोर तिरकी धरा आणि टोकाकडे बघा. तिथे बारीकशी पिवळी टिकली दिसली तर काम बाकी आहे.

आता गाळणं. डीएमएसओत जंतू वाढत नाहीत, आणि स्वच्छ नळ्या वापरून हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) केलेला स्टॉक सहसा न गाळताच चालतो. गाळायचाच असेल तर फिल्टरचा पडदा टेफ्लॉनचा नाहीतर नायलॉनचा हवा. सेल्युलोज ॲसिटेट आणि सेल्युलोज नायट्रेटचे पडदे डीएमएसओ खाऊन टाकतं. पॉलिइथरसल्फोनवरही भरवसा नको. पडदा विरघळून स्टॉकमध्ये उतरतो आणि आपण त्याला "निर्जंतुक" म्हणतो. ऑटोक्लेव्ह मात्र करू नका.

५. भाग पाडा, लेबल लावा

एका प्रयोगाला पुरतील असे छोटे भाग, २० ते ५० मायक्रोलिटर, आणि उणे २० अंशांत. प्रकाशात बिघडणारं संयुग असेल, कर्क्युमिन आहेच, तर काळसर नळ्या किंवा भोवती ॲल्युमिनियम फॉइल. एक भाग एकदाच वितळवायचा.

लेबलवर नाव, क्षार, बॅच, तीव्रता, "डीएमएसओ", तारीख आणि तुमची आद्याक्षरं. मार्करने लिहून वर पारदर्शक टेप लावा. डीएमएसओचा एक ओघळ आला की मार्करची शाई जाते, आणि मग फ्रीजरमध्ये वीस बिननावाच्या नळ्या राहतात.

फ्रीजरमधून काढलेली नळी लगेच उघडणं ही दुसरी नेहमीची चूक. थंडगार नळीवर हवेतली वाफ जमते, थंड ताकाच्या पेल्यावर जमते तशी, आणि झाकण उघडताच ती आत जाते. आधी नळी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पूर्ण वितळू द्या, व्हॉर्टेक्स करा, थोडी फिरवून खाली आणा, आणि तेव्हा उघडा. व्हॉर्टेक्स विसरलात तर वर पातळ आणि खाली दाट असा स्टॉक वापराल.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याकडची वीज गेली आणि फ्रीजर वितळला. वीज आल्यावर सगळं पुन्हा गोठलं, नळ्या जशाच्या तशा दिसत होत्या. पुढचे दोन आठवडे विचित्र आकडे आल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. तेव्हापासून फ्रीजरमध्ये एक नळी पाण्याची, अर्धी भरून आडवी गोठवलेली, कायम उभी ठेवतो. आतला बर्फ आडवा असेल तर ठीक. तळाशी बसला असेल तर मधे वितळून गेलं आहे.

६. डायल्यूशन: क्रम इथे चुकतो

शंभरातल्या ऐंशी वह्यांत, माझ्या अंदाजाने, मला हे दिसतं: एकच १० मिलिमोलर स्टॉक, त्यातून १ मिलिलिटर मीडियात १ मायक्रोलिटर, ३ मायक्रोलिटर, १० मायक्रोलिटर. डोस वाढला खरा, पण डीएमएसओही ०.१, ०.३, १ टक्का असं वाढत गेलं. आलेख सुरेख उतरतो आणि तो औषधाचा की डीएमएसओचा हे सांगता येत नाही. एचएल-६० या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी सव्वा टक्का डीएमएसओत काही दिवस ठेवल्या तर त्यांचं रूप बदलून त्या न्यूट्रोफिलसारख्या होतात. लोक मुद्दाम तसं करतात. एक टक्का निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्याला हे सांगा.

बरोबर क्रम असा: मालिका आधी डीएमएसओतच तयार करायची, मीडिया सर्वांत शेवटी.

१० मिलिमोलर स्टॉकमधून ३० मायक्रोलिटर आणि ७० मायक्रोलिटर डीएमएसओ: ३ मिलिमोलर.
१० मिलिमोलरमधून १० आणि ९० डीएमएसओ: १ मिलिमोलर.
३ मिलिमोलरमधून १० आणि ९० डीएमएसओ: ०.३ मिलिमोलर.
१ मिलिमोलरमधून १० आणि ९० डीएमएसओ: ०.१ मिलिमोलर.

प्रत्येक वेळी नवी टिप. मूळ स्टॉक धरून या पाच नळ्या अंतिम डोसच्या हजारपट आहेत. आता प्रत्येकीतून २ मायक्रोलिटर घेऊन ९९८ मायक्रोलिटर मीडियात टाका. हे झालं दुप्पट तीव्रतेचं, डीएमएसओ ०.२ टक्का. वेलमध्ये १०० मायक्रोलिटर मीडियात पेशी असतील तर त्यावर याचे १०० मायक्रोलिटर. अंतिम डोस १०, ३, १, ०.३, ०.१ मायक्रोमोलर आणि प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ ०.१ टक्का. सगळीकडे तेवढंच.

थांबा: २ मायक्रोलिटर टाकताना टिप मीडियाच्या आत बुडवा आणि लगेच ढवळा. मीडिया ३७ अंशांना आणलेला हवा. फ्रिजमधल्या गार मीडियात टाकलं तर औषध तिथेच गोळा होतं. आणि स्टॉक मीडियात टाकायचा, मीडिया स्टॉकमध्ये नाही. उलटं केलं तर पाण्याचा पहिला थेंब पडताच औषध साक्यासारखं खाली बसतं.

थेट वेलमध्ये ०.२ मायक्रोलिटर टाकण्याचं धाडस हाताच्या पिपेटने करू नका. कोणाचाच हात तेवढा चांगला नसतो, माझाही नाही.

तपासा: सर्वांत जास्त डोसचं मीडिया अर्धा तास ठेवून एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. सुया किंवा कण दिसले तर तो डोस मालिकेतून काढा. "वरच्या डोसला परिणाम थांबतो" असा निष्कर्ष लिहिण्याआधी हे बघितलंच पाहिजे. कर्क्युमिन शिवाय पाणीदार, उदासीन मीडियात लवकर मोडतं, म्हणून ते घालायच्या वेळीच मिसळा. सकाळी करून संध्याकाळी वापरू नका.

७. कंट्रोल

व्हेईकल कंट्रोल म्हणजे पेशी, मीडिया आणि ०.१ टक्का डीएमएसओ, औषध नाही. हे डीएमएसओ त्याच नळीतलं हवं जिच्यात तुमची मालिका झाली. टक्केवारी या कंट्रोलशी काढायची, नुसत्या मीडियातल्या पेशींशी नाही. नुसत्या मीडियाची रांगही ठेवा, पण वेगळ्या कारणासाठी: दोन्हींत ठळक फरक दिसला तर त्या पेशींना ०.१ टक्काही जड जातो आहे.

नव्या पेशी हाती आल्या की औषध हातात घेण्याआधी एक प्लेट नुसत्या डीएमएसओची लावा: ०.०५, ०.१, ०.२५, ०.५ आणि १ टक्का, तुमच्या प्रयोगाइतकेच तास. बऱ्याच पेशी ०.१ सहज आणि काही ०.५ पर्यंत सोसतात, पण दुसऱ्याच्या लॅबमधला आकडा आपल्या पेशींना लागू होईलच असं नाही.

रंगीत संयुगासाठी पेशी नसलेल्या वेलमध्ये तोच डोस घालून रीडिंग घ्या आणि वजा करा. आणि डीएमएसओ २६८ नॅनोमीटरच्या खाली प्रकाश आडवतं, तेव्हा २६० ला मोजायचं काम असेल तर ब्लँकमध्येही तेवढंच डीएमएसओ हवं.

८. हात, सांडणं, कचरा

डीएमएसओ त्वचेतून आत जातं आणि त्यात विरघळलेलं बरंच काही सोबत नेतं. धोका डीएमएसओपेक्षा त्या सोबतच्याचा. एकदा माझ्या हातमोज्यावर कर्क्युमिनच्या स्टॉकचा थेंब पडला. प्लेट संपवून मग काढू म्हटलं. काढला तेव्हा बोटाच्या पेरावर हळदीचा डाग होता आणि थोड्या वेळाने तोंडात लसणासारखी चव आली. हळद होती म्हणून दिसली. त्या जागी पेशी मारणारं पांढरं औषध असतं तर काहीच दिसलं नसतं.

पातळ डिस्पोजेबल हातमोजे हे उडालेल्या थेंबापुरते आहेत. थेंब लागला की हातमोजा तत्काळ काढायचा, साबण-पाण्याने हात धुवायचे, नवा घालायचा. मोठ्या प्रमाणात ओतायचं असेल तर ब्यूटाइल रबरचे जाड हातमोजे. हातमोजे घालण्याआधी हातावर क्रीम किंवा सॅनिटायझर नको.

उरलेलं डीएमएसओ बेसिनमध्ये नाही. झाकणाची वेगळी बाटली ठेवा आणि तिच्यावर आत कोणतं औषध आहे ते लिहा. त्या बाटलीत ब्लीच किंवा दुसरं कुठलंही ऑक्सिडायझर टाकू नका. शेजारच्या सिंथेसिस लॅबशी ही बाटली वाटून घेत असाल तर जास्तच सांभाळा: ॲसिड क्लोराइड, परक्लोरेट किंवा सोडियम हायड्राइडशी डीएमएसओची गाठ पडली तर भडका किंवा स्फोट होऊ शकतो. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून तारीख टाका आणि पुढच्या उचलणीला द्या.